सीता अशोक पुण्यात लावताय? या चुका टाळा

पहिली चूक नर्सरीतच होते. अशोक मागितला की बरेचदा हातात आसुपालव पडतो: सोसायट्यांच्या कुंपणाला ओळीने उभा असणारा, फांद्या खाली सोडलेला उंच वृक्ष. तो सीताफळाच्या कुळातला आहे. सीता अशोक शेंगवर्गीय आहे, चिंचेचा जवळचा नातेवाईक. पाटीवर विसंबू नका, पान बघा. आसुपालवाचं पान सुटं, लांबट आणि कडेला नागमोडी असतं. सीता अशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, चार ते सहा जोड्या समोरासमोर येतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते.

दुसरी चूक जागेची, आणि रोपं मरतात ती बहुतेक हिच्यामुळेच. हा सखल भागातल्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलांचा वृक्ष. कोकणात तो ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत, ओलसर मातीत वाढतो. सह्याद्रीत साधारण ७५० मीटरपर्यंत तो सापडतो, त्यामुळे पुण्याची ५६० मीटर उंची त्याला अडत नाही. अडतं ते इथलं कोरडं हवामान. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहरात जेमतेम सातशे-साडेसातशे. म्हणून वेताळ टेकडीसारख्या उघड्या, मुरमाड उतारावर वृक्षारोपणाच्या उत्साहात हे रोप लावू नका. तिथे त्याचे हाल होतात, आणि ती जागाही त्याची नव्हे. इमारतीच्या पूर्वेला, दुपारनंतर सावली येते अशी जागा शोधा. एखाद्या मोठ्या आंब्याच्या आडोशाला तर फारच छान. लावायचं पावसाळ्याच्या सुरुवातीला. बुंध्याभोवती फरशी किंवा काँक्रीट नको. वाळलेल्या पानांचा जाड थर कायम असू द्या. काळ्या, चिकट मातीत पाणी साचत असेल तर आधी निचरा सुधारा, कारण त्याला ओल हवी असते, चिखल नको.

एप्रिल-मे महिन्यांत पानांच्या कडा करपू लागल्या तर लोक आधी कीटकनाशकाकडे धावतात. कारण बहुधा उन्हाची झळ, गरम वारा किंवा बोअरचं क्षारयुक्त पाणी असतं. पश्चिमेकडून हिरवी जाळी बांधा, जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या.

याउलट, कोवळी पालवी मलूल होऊन लोंबताना दिसली तर काहीच करू नका! नवी पानं तांबूस-जांभळी, मऊ, झुपक्याने खाली लटकलेलीच येतात, मग हळूहळू ताठ होऊन हिरवी होतात. ती सुकली असं समजून पाण्याचा मारा केलात तर मुळं कुजतील. खरी तहान जुन्या पानांवर दिसते.

शेंगवर्गीय झाड म्हणजे नत्र आपलं आपण मिळवणार, हाही गैरसमज. याच्या मुळांवर हवेतला नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येत नाहीत. शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत द्यावंच लागतं.

छाटणी करताना हात आवरा. याची फुलं जुन्या लाकडावर, थेट खोडावरही गुच्छांनी येतात. झाडाला ‘आकार’ देण्यासाठी खालच्या जुन्या फांद्या उडवल्या की बहराची जागाच जाते. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बहर आला की फूल जवळून बघाच. त्याला पाकळ्या नसतात. पाकळ्यांसारखे दिसतात ते निदलपुंजाचे, म्हणजे फुलाच्या सर्वांत बाहेरच्या वेढ्याचे, चार रंगीत भाग, आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर येतात. आधी पिवळट-केशरी असलेलं फूल पुढे लाल होत जातं, त्यामुळे एकाच गुच्छात सगळ्या छटा सापडतात. सुगंधही मंद, गोड.

औषधासाठी साल कुणालाही काढू देऊ नका. सालीसाठी जंगलातली इतकी झाडं गेली आहेत की आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत सीता अशोकाची नोंद ‘असुरक्षित’ प्रजाती म्हणून आहे.

बिया जमवून पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवणं ही शेवटची चूक. त्यांची उगवणक्षमता लवकर संपते. चपट्या, चिवट शेंगा पिकल्या की बी ताजं असतानाच सावलीतल्या पिशवीत पेरा आणि माती ओलसर ठेवा.