मीटर जाडी सांगतो, जागा सांगत नाही

प्रक्रिया उद्योगातील पाइपांच्या तपासणीच्या कामाला मी लागले, तेव्हा माझी समजूत अशी होती की अल्ट्रासोनिक थिकनेस मीटर, म्हणजे ध्वनिलहर परत यायला लागणाऱ्या वेळेवरून धातूची जाडी सांगणारे उपकरण, चालवता आला की पाइप तपासता आला. ते उपकरण तळहातावर मावते, कपलंटचा, म्हणजे ध्वनी धातूत नीट शिरावा म्हणून लावायच्या जेलचा, थेंब टाकून प्रोब टेकवला की पडद्यावर मिलिमीटरमध्ये आकडा उमटतो, आणि हे सगळे शिकायला एक दुपार पुरते. प्रोब कुठे टेकवायचा आणि उमटलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे शिकण्यात मात्र माझी पुढची कित्येक वर्षे गेली.

माझी पहिली मोठी चूक या दुसऱ्या गोष्टीतली होती. सहा इंची, शेड्यूल 40 चा (शेड्यूल म्हणजे भिंतीच्या जाडीची प्रमाणित श्रेणी) कार्बन स्टीलचा पाइप होता. त्याची मूळ जाडी 7.11 मिलिमीटर असते. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत एका एल्बोवर, म्हणजे वळणाच्या तुकड्यावर, 6.3 लिहिलेले होते आणि मला मिळाले 6.4. झीज नाही, असा शेरा मारून मी समाधानाने पुढच्या जागेकडे वळले. संध्याकाळी आमच्या वरिष्ठ निरीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारले, "हा पाइप म्हणजे काय झाड आहे का, वाढायला?" दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या एल्बोपाशी गेलो. मधल्या काळात लाइनीला नवा रंग दिलेला होता आणि मी रंगावरूनच रीडिंग घेतले होते. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने जातो आणि रंगाच्या थरात त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने, त्यामुळे 0.2 मिलिमीटरचा रंग मीटरला जवळजवळ अर्ध्या मिलिमीटर पोलादासारखा भासतो. दोन प्रतिध्वनींमधले अंतर मोजण्याची, म्हणजे इको-टू-इको पद्धत लावल्यावर खरा आकडा आला 5.9. लाइन गरम असेल तर हीच फसवणूक दुसऱ्या वाटेने होते: तापलेल्या पोलादात ध्वनी मंदावतो आणि दर 55 अंश सेल्सिअसमागे जाडी साधारण एक टक्का जास्त दिसते.

अर्ध्या मिलिमीटरने काय बिघडते, असे तेव्हा मला वाटले होते, म्हणून पुढचा हिशेब त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला. दोन वर्षांत 0.4 मिलिमीटर गेले, म्हणजे वर्षाला 0.2. त्या लाइनीला लागणारी किमान जाडी 3.3 होती, तेव्हा हाताशी उरले 2.6 मिलिमीटर, म्हणजे 13 वर्षांचे आयुष्य. बारा वर्षांपूर्वीच्या मूळ जाडीपासून दर काढला असता तर तो 0.1 आला असता आणि आयुष्य 26 वर्षे दिसले असते. पण अलीकडे झीज वाढली असेल तर दूरच्या काळाची सरासरी ती झाकून टाकते, आणि एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) 570 ही पाइप तपासणीची संहिता दोन्ही दर काढून तुलना करायला लावते ती याच कारणाने. याच संहितेनुसार पुढची जाडी मोजणी उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात किंवा लाइनीच्या वर्गाला ठरवून दिलेल्या कमाल मुदतीत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा करायची असते. आमची लाइन वर्ग 1 मधली, म्हणजे गळती झाल्यास सर्वांत धोकादायक ठरणारी होती, म्हणजे निम्मे आयुष्य साडेसहा वर्षे आले तरी मुदत 5 वर्षांचीच. माझ्या रंगीत रीडिंगवरून हा सारा हिशेब मांडताच आला नसता, कारण झिजेचा दर शून्याच्याही खाली जात होता.

आता जागेविषयी. नवख्याला सहसा आयसोमेट्रिक ड्रॉइंगवर, म्हणजे लाइनीच्या त्रिमितीय रेखाचित्रावर, आधीच खुणा करून दिलेल्या जागा, म्हणजे सीएमएल मिळतात आणि तो इमानाने तेवढ्याच मोजून येतो. 9 ऑगस्ट 2004 रोजी जपानमधील मिहामा अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या संचात पाइप फुटून 5 कामगार मृत्युमुखी पडले, तो अपघात यासाठी प्रत्येक नवख्याने अभ्यासावा. प्रवाह मोजण्याच्या ओरिफिसच्या, म्हणजे छिद्र असलेल्या चकतीच्या, लगेच पुढे, जिथे पाण्याची खळबळ सर्वांत जास्त असते, तिथे 10 मिलिमीटरची भिंत झिजत झिजत दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती. ती जागा तपासणीच्या यादीतून निसटली होती आणि 1976 मध्ये संच सुरू झाल्यापासून तिथे एकदाही जाडी मोजली गेली नव्हती.

म्हणून मी लाइनीवर जाताना यादी खिशात ठेवते आणि आधी प्रवाहाच्या दिशेने नुसती चालत जाते. एल्बोची बाहेरची वाक, रिड्यूसर (व्यास बदलणारा जोड) आणि कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्या पुढचा भाग, ज्यात द्रव साचून राहतो ते डेड लेग, पाइप सपोर्टवर टेकतो ती बोटभर जागा, आणि पाइप जमिनीत शिरतो तो काठ, इथे माझे पाय आपोआप थांबतात. रसायन सोडण्याच्या इंजेक्शन पॉइंटला तर स्वतंत्र वागणूक द्यावी लागते. मात्र 'एल्बो बघितले की झाले' हा नियमही पुरा पडत नाही. 6 ऑगस्ट 2012 रोजी कॅलिफोर्नियातील रिचमंडच्या रिफायनरीत फुटला तो आठ इंची पाइपचा सरळ तुकडा होता. गरम तेलातील गंधकाने होणारी झीज सिलिकॉन कमी असलेल्या कार्बन स्टीलमध्ये अधिक वेगाने होते, आणि एकाच लाइनीत शेजारी शेजारी जोडलेल्या दोन तुकड्यांत सिलिकॉनचे प्रमाण वेगळे असू शकते. तिथे मोजण्याच्या जागा एल्बो आणि फिटिंगवर होत्या. तेव्हा झीज कोणत्या प्रकारची अपेक्षित आहे हे ठरवल्याशिवाय जागा ठरवता येत नाहीत. एपीआय 571 या दस्तऐवजात अशा एकेका बिघाडाचे वर्णन आहे. ते पाठ करण्याऐवजी हातातल्या लाइनीचे तापमान, द्रव आणि धातू समोर ठेवून वाचावे.

इन्सुलेशनखालच्या गंजावर मी जरा जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवावा. कार्बन स्टीलला साधारण उणे 12 ते 175 अंश सेल्सिअस या पट्ट्यात तो गाठतो आणि बाहेरचे क्लॅडिंग, म्हणजे इन्सुलेशनवरचा पत्रा, चकचकीत असताना आत पाइप सोललेला असतो. एकदा उभ्या लाइनीच्या तळाशी क्लॅडिंगच्या सांध्यातून बोटभर तपकिरी ओघळ उतरलेला दिसला. पाण्याची वाट शोधत वर गेलो, तर आठ मीटर उंचीवर एका सपोर्टजवळचे सीलंट तडकलेले होते. खालचे इन्सुलेशन काढले तेव्हा ओल्या लोकरीखाली गंजाचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे फुगून आले होते. गंज मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, त्यामुळे पाइप उलट जाडच वाटत होता. माझा हात हातोडीकडे गेला आणि सोबतच्या फिटरने तो तिथेच धरला. चालू लाइनीवरचा पापुद्रा कधीही ठोकून काढू नये, कारण काही वेळा गळती फक्त त्या पापुद्र्यानेच अडवलेली असते. आम्ही रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी पाइपच्या भिंतीचे चित्र, करून घेतली आणि साफसफाई लाइन रिकामी झाल्यावर झाली. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत तर जाडी जशीच्या तशी राहून क्लोराइडमुळे बारीक तडे जातात; तिथे थिकनेस मीटर आंधळा असतो आणि तड्यांत रंगद्रव्य शिरवून ते दाखवणारी डाय पेनिट्रंट चाचणी उपयोगी पडते.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगते. मेकॅनिकल किंवा मेटलर्जीची पदवी वा पदविका असेल तर सुरुवात सोपी जाते. वेल्डिंग किंवा फिटरच्या कामातून आलेले लोकही उत्तम निरीक्षक होतात, आणि माझ्या मते डोळ्यांनी पाहण्यात ते पदवीधरांच्या पुढेच असतात. आधी अल्ट्रासोनिक चाचणीची लेव्हल 2 पात्रता मिळवावी, मग प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेऊन एपीआय 570 ची परीक्षा द्यावी. शिक्षण जितके कमी तितका अनुभव जास्त मागितला जातो. परीक्षेचा एक भाग संहिता समोर ठेवून आणि दुसरा न ठेवता सोडवायचा असतो, आणि प्रमाणपत्राचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. पाइपची किमान जाडी काढण्यासाठी एएसएमई बी31.3 या प्रक्रिया उद्योगातील पाइपांच्या संहितेतील सूत्रे हातात बसलेली हवीत.

अहवाल लिहिताना जागा अशी लिहावी की पाच वर्षांनी येणारा अनोळखी माणूस तिथेच प्रोब टेकवेल. 'एल्बोवर, खालच्या बाजूला' असे लिहून भागत नाही. 'प्रवाहाच्या दिशेने तोंड करून घड्याळाच्या सहाच्या काट्यावर, वेल्डपासून 50 मिलिमीटर पुढे' असे लिहावे. जिथे हात पोहोचला नाही, मचाण मिळाले नाही किंवा परमिट संपले, त्या जागाही मी ड्रॉइंगवर लाल वर्तुळ काढून कारणासह नोंदवते. माझ्या हाताखाली येणाऱ्या नव्या मुलामुलींना पहिले दोन दिवस मी मीटर देत नाही. ड्रॉइंग, टॉर्च आणि लाल पेन घेऊन ते लाइन चालून येतात, आणि त्यांच्या ड्रॉइंगवर यादीत नसलेले निदान एक वर्तुळ दिसले की तिसऱ्या दिवशी मीटर त्यांच्या हातात जातो.