सशांसाठी रायफल आणि काडतूस निवडताना या चुका टाळा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील सेंट्रल ओटागो भागात ससा हा कुरणे फस्त करणारा उपद्रवी प्राणी मानला जातो. युरोपीय वसाहतकऱ्यांनी तो तेथे आणला, आणि १८७६ सालीच त्याच्या बंदोबस्तासाठी कायदा करावा लागला. १९९७ मध्ये बेकायदा आणि २०१८ मध्ये अधिकृतपणे सोडलेल्या, सशांना मारणाऱ्या विषाणूनंतरही तो संपलेला नाही. म्हणून तेथील शेतकऱ्याला रायफल अजूनही लागते. परवाना मिळवून पहिली रायफल घेणारा माणूस मात्र बहुधा दुकानात रायफल पाहतो आणि काडतुसाचा विचार नंतर करतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

पहिला गोंधळ आकड्यांचा. काडतुसाच्या नावातला ‘.२२’सारखा आकडा गोळीचा इंचांतला व्यास सांगतो. .२२ एलआर, .२२ मॅग्नम आणि .२२३ रेमिंग्टन यांच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच असला, तरी नळीच्या तोंडाशी त्यांची ऊर्जा अनुक्रमे सुमारे १९०, ४२० आणि १,७०० ज्यूल असते. गोळीचा व्यास हा काडतुसाच्या ताकदीचे माप नव्हे. त्याहून गंभीर चूक म्हणजे .२२ एलआरचे काडतूस मॅग्नमच्या रायफलीत घालणे. ते आत सहज जाते, पण मॅग्नमच्या नळीतले काडतूस बसण्याचे घर अधिक रुंद असल्याने पितळी कवच फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

दुसरी चूक अंतराची. आवाजापेक्षा मंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२० मीटर वेगाची .२२ एलआर गोळी पन्नास मीटरवर नेम जुळवून वापरली, तर शंभर मीटरवर ती जवळजवळ वीतभर खाली जाते. सशाचे डोके त्याहून पुष्कळच लहान असते, त्यामुळे प्राणी जखमी होऊन बिळात मरतो. या काडतुसाची मर्यादा साठ-सत्तर मीटर धरावी. त्यापुढे, दीडशे मीटरपर्यंत, २००२ साली बाजारात आलेले .१७ एचएमआर हे १७ ग्रेनच्या (सुमारे १.१ ग्रॅम), सेकंदाला सुमारे ७७५ मीटर वेगाच्या गोळीचे काडतूस अधिक सपाट जाते. मात्र ते महाग पडते आणि सशाचे मांस खराब करते; वाऱ्याला ते अजिबात दाद देत नाही, असे समजणेही चुकीचे ठरते.

वाऱ्याच्या बाबतीत .२२ एलआरमध्येही एक उलटी गोष्ट दिसते. जास्त वेगाची गोळी आवाजाच्या वेगाजवळ येताना हवेचा विरोध फार सोसते, म्हणून शंभर मीटरवर ती मंद गोळीपेक्षा अधिक बाजूला सरकते. मंद काडतुसाचा आवाजही सायलेन्सर लावल्यावर इतका कमी होतो की कळपातला दुसरा ससा पुष्कळदा जागचा हलत नाही. अर्धस्वयंचलित, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीत मात्र मंद काडतुसाने पुष्कळदा यंत्रणा नीट फिरत नाही आणि कवच अडकते; ते वापरायचे असेल तर हाताने खटका (बोल्ट) ओढून भरायची रायफल घ्यावी.

आपल्याकडे एनसीसीच्या शिबिरात ‘पॉइंट टू टू’ चालवलेल्या माणसाला ती निरुपद्रवी वाटते, कारण तेथे लक्ष्य पंचवीस मीटरवर आणि मागे मातीचा भक्कम बांध असतो. काडतुसांच्या डब्यावर मात्र दीड मैलांपर्यंतच्या धोक्याची सूचना असते. ओटागोच्या खडकाळ उतारावर संथ, जड शिशाची गोळी आपटून भलत्याच दिशेला उसळते. पलीकडे मातीचा चढ नसेल तर चाप ओढू नये. रात्री प्रकाशझोतात केवळ चमकणाऱ्या डोळ्यांवर तर कधीच नाही.

नेम अचानक बिघडला तर माणूस आधी काडतुसाला दोष देतो. प्रत्यक्षात बहुधा दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू किंवा सायलेन्सर सैल झालेला असतो. काडतुसाचा प्रकार बदलला असेल, तर नळी स्थिरावण्यासाठी दहा-पंधरा गोळ्या कागदावर उडवाव्यात आणि नेम पुन्हा जुळवावा. त्याच रायफलीत तीन-चार प्रकारांची काडतुसे तपासून सर्वांत घट्ट गट देणारे, म्हणजे ज्याच्या गोळ्या एकमेकींच्या सर्वांत जवळ लागतात ते, निवडावे. शेजाऱ्याच्या रायफलीत उत्तम चाललेले आपल्या नळीला मानवेलच असे नाही. शंभर मीटरसाठी जुळवलेली मोठ्या रायफलीची दुर्बीण लावल्यास जवळच्या अंतरावर डोळा थोडा सरकताच नेम सरकतो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

चाप ओढल्यावर काडतूस उडाले नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, मगच बोल्ट उघडावा. आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, तर गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता असते. रायफल रिकामी करून नळीतून आरपार दिसते का, हे पाहिल्याशिवाय पुढची गोळी झाडू नये.

न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आहे. दहापर्यंत काडतुसे मावणाऱ्या .२२ रिमफायर (काडतुसाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या) रायफली तिच्यातून वगळल्या आहेत. हीच रायफल रानडुकरावर वापरण्याचा मोह मात्र कोणी धरू नये, कारण ते काम तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या रानडुकरांच्या त्रासावर हा लेख लागूच होत नाही: तेथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकरावर बंदूक चालवणे हा गुन्हा ठरतो.