भिंतीतल्या वायरिंगला खिळा लागू नये म्हणून

झिरी (वायरींचा पाइप बसवायची भिंतीतली खाच) मारायच्या आधी मेन स्विच बंद करा, टेस्टरवर न थांबता मीटरने खात्री करा आणि मग भिंतीवर खडूने रेषा आखा. पाइप स्विचच्या बॉक्सपासून सरळ वर किंवा सरळ खालीच न्यायचा. आडवा न्यावाच लागला तर एकाच पातळीतल्या दोन बॉक्सच्या मधून. तिरका नेला तर हातभर पाइप वाचतो खरा, पण पुढे शेल्फ ठोकणाऱ्याला तो कुठून गेलाय ते कळायचं कसं? स्विचच्या सरळ वर-खाली ड्रिल लावायचं नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. वायरीचं खरं संरक्षण ते.

झिरीची खोली गिलावा सोडून, विटेत मोजायची. उभी झिरी विटांच्या भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा आणि आडवी एक षष्ठांशपेक्षा खोल नको. 100 मिमीच्या भिंतीत उभी झिरी 33 मिमीपर्यंत चालते, म्हणजे 25 मिमीचा पाइप आरामात बसतो. आडवीला मात्र जेमतेम 16 मिमी मिळतात, त्यात 20 मिमीचा पाइपही मावत नाही. अशा भिंतीत आडवं जाऊच नका, वर छताखालून फिरवून आणा. 230 मिमीच्या भिंतीत आडवीला 38 मिमी मिळतात, तिथे अडचण नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून झिऱ्या किंवा बॉक्स घेऊ नका. कॉलम-बीमला हात लावायचा नाही. पाइपवर निदान 12 मिमी गिलावा यायला हवा, नाहीतर झिरीच्या रेषेत तडा जातो. झिरी रुंद असेल तर वरून जाळी ठोका.

पाइप जाड ग्रेडचा घ्या, पातळ पाइप गवंड्याच्या थापीखाली दबतो. दर 600 मिमीवर क्लॅम्प, आणि वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येक जोडाला पाइप चिकटवायचं सोल्युशन लावाच. कोरडा जोड वरून घट्ट वाटतो, पण गिलावा करताना सिमेंटचं पाणी आत झिरपतं, तिथेच घट्ट होतं आणि नंतर वायर त्या एका जागी अडून बसते. मग भिंत परत फोडण्यावाचून गत्यंतर नाही. तयार एल्बोपेक्षा (काटकोनी जोडापेक्षा) आत स्प्रिंग घालून वाकवलेला पाइप बरा. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनी वळणं दोनच. तिसरं आलं तर मध्ये जंक्शन बॉक्स द्या, आणि तो गिलाव्याखाली गाडू नका.

बॉक्समध्ये पाइप शिरतो तिथे बुश, म्हणजे धार झाकणारी गुळगुळीत कडी, हवाच. पत्र्याच्या भोकाची धार वायरीचं इन्शुलेशन हळूहळू खरवडते. पत्र्याच्या बॉक्सला अर्थिंगही जोडा. गिलाव्याआधी बॉक्सची तोंडं कागदाने बुजवा आणि प्रत्येक पाइपमध्ये ओढतार (नंतर वायरी ओढायची तार) घालून ठेवा. पाइप नाइलाजाने उथळ राहिला असेल तिथे वर स्टीलची जाड पट्टी बसवा. पातळ पत्र्याची पन्हळ थापीपासून वाचवते, ड्रिलपासून नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावायलाच हवा, पण तो माणसाला वाचवण्यासाठी. छिद्र पडलेली वायर त्याने दुरुस्त होत नाही.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या, कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून टेप लावून, आकडे दिसतील असा.

गिलावा वाळल्यावरच वायरी ओढा. पाइपच्या आतल्या क्षेत्रफळाच्या 40 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. 25 मिमीच्या पाइपमध्ये 2.5 चौरस मिमीच्या वायरी हिशेबाने डझनभर बसतात, पण ओढताना घासतात आणि गर्दीत तापतात, म्हणून सहा-सातवर थांबावं. वायरीला फ्रेंच चॉक (शंखजिऱ्याची भुकटी) लावा. तेल-ग्रीस नको. पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकू देऊ नका. त्यातला मऊपणा थर्माकोलमध्ये उतरतो आणि इन्शुलेशन कडक होतं.

शेवटी दिवे, डिमर, इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासा. 1 मेगओहम ही किमान मर्यादा आहे, पण नव्या वायरिंगला त्यावर समाधान मानू नका. बाकी सर्किट शेकडो दाखवताहेत आणि एकच 2 वर अडकलंय, तर तिथे कुठेतरी वायर सोलली आहे किंवा ओल शिरली आहे. ती वायर बाहेर ओढा, ओढताना तिच्या टोकाला ओढतार बांधायला विसरू नका. ओरखडा सापडला की टोकापासूनचं अंतर मोजा, फोटोतल्या मापाशी ताडून बघा. बहुतेक वेळा ती जागा एखाद्या वळणाची किंवा बुश विसरलेल्या बॉक्सची निघते. आधी ती धार काढा, मगच नवी वायर घाला.