वरून पडतं ते मोजा : कॅलरी मोजताना या चुका टाळा

सकाळी पोहे-जिलेबी खाल्ली की दुपारपर्यंत मनाला टोचत राहतं, आणि ठपका येतो पोह्यांवर. पोह्यांवर हा अन्याय आहे. इंदूरच्या ठेल्यावरचे पोहे तेलात फारसे परतलेले नसतात. खाली उकळतं पाणी, वर पातेलं, आणि त्या वाफेवर ते मऊ राहतात. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांच्या साधारण 175 कॅलरी. कांदा, थोडं तेल, चिमूटभर साखर आणि वरचे डाळिंबाचे दाणे धरूनही एक प्लेट अडीचशेच्या आसपास राहते. मग त्यावर मूठभर शेव पडते, तिच्या 140. शेजारच्या कागदावर 100 ग्रॅम जिलेबी येते, ती 350 ते 400. म्हणजे साडेसातशेच्या नाश्त्यात पोह्यांचा वाटा जेमतेम एक तृतीयांश.

इंदूरच्याच रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या मराठी घरातले कांदेपोहे मात्र वेगळे. तिथे माणशी 75 ग्रॅम पोहे सहज घेतले जातात (260 कॅलरी), फोडणीचं तेल माणशी एक मोठा चमचा (120), शेंगदाणे 15 ग्रॅम (85), वरून ओलं खोबरं (30 ते 35). बेरीज पाचशेपर्यंत जाते, आणि शेव अजून पडायचीच आहे. ठेल्यावरचं खाणं जड आणि घरचं हलकं असं आपण गृहीत धरतो. इथे आकडे उलट बोलतात.

वजन कमी करू पाहणाऱ्या, मधुमेह सांभाळणाऱ्या कितीतरी लोकांची गाडी याच ठिकाणी अडते. ते मुख्य पदार्थ प्रामाणिकपणे मोजतात: दोन पोळ्या, एक वाटी भात, एक वाटी भाजी. वरून पडलेली शेव, पोळीच्या घडीतलं तेल, वरणावरचं तूप आणि कोशिंबिरीतलं कूट कुणाच्याच हिशेबात नसतं. एक ग्रॅम पिष्ट, साखर किंवा प्रथिनात 4 कॅलरी असतात, तर एक ग्रॅम तेला-तुपात 9. ज्याचं वजन सगळ्यात कमी भरतं तेच सगळ्यात महाग पडतं, आणि तेच आपण डोळ्यांनी मोजतो.

दिवसाला किती लागतं याचाही अंदाज हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या स्त्रीला दिवसाला 1660 कॅलरी पुरतात आणि 65 किलोच्या पुरुषाला 2110. पुढचे सगळे आकडे या दोन आकड्यांशेजारी ठेवून वाचा.

मूठ, पळी आणि ‘चमचाभर’

इंदूरमध्ये नमकीन हे मधल्या वेळचं खाणं राहिलेलं नाही, ते जेवणाचाच भाग झालं आहे. वरण-भातावर शेव, दह्यात शेव, भाजी आवडली नाही तर शेवेची भाजी. शेव म्हणजे बेसन आणि त्यात मुरलेलं तेल, म्हणून 100 ग्रॅममागे 550 ते 600 कॅलरी होतात. लवंगेची असो, लसणाची असो किंवा रतलामी, यात फार फरक पडत नाही. 200 ग्रॅमचं पाकीट टीव्हीसमोर दोघांनी संपवलं तर प्रत्येकी साडेपाचशेच्या वर गेलं, म्हणजे जवळपास एका जेवणाइतकं.

शेव सोडा असं मी म्हणणार नाही, इंदूरमध्ये राहून ते बोलणंही बरं नाही. पण घरातल्या वजनकाट्यावर आपली मूठ एकदा रिकामी करून पाहा. कुणाची मूठ 15 ग्रॅमची असते, कुणाची 35 ची. आपली मूठ कळली की पुढे काटा लागत नाही.

चमच्याचंही तसंच. चहाचा चमचा 5 मिलीचा आणि मोठा चमचा 15 मिलीचा. पहिल्यात तेलाच्या सुमारे 40 कॅलरी, दुसऱ्यात 120. ‘भाजीला दोन चमचे तेल घालते’ असं सांगताना फोडणीला पळी वापरलेली असेल तर हिशेब तिथेच फसतो. तुपाला वेगळी सवलत नाही. ‘कोलेस्ट्रॉल फ्री’ लिहिलेल्या तेलालाही नाही. मुळात वनस्पतींपासून काढलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्ट्रॉल नसतं, आणि कॅलरी सगळ्यांत त्याच.

काकडीची कोशिंबीर हलकी समजून दोनदा घेतली जाते. 100 ग्रॅम काकडीत 15 कॅलरी असतात. तिच्यात दोन मोठे चमचे दाण्याचं कूट गेलं की 115 वाढल्या, वर चमचाभर तेलाची फोडणी आली की आणखी 40. कूट पौष्टिक आहे, ते घालावंच, पण मग त्या कोशिंबिरीला ‘सॅलड’ म्हणून शून्यात धरू नये.

वाटीचं माप ठरवायचं असेल तर ती पाण्याने भरा आणि पाणी काट्यावर तोला. जितके ग्रॅम, तितके मिली. एकाच घरात आमटीची वाटी 100 मिलीची आणि खिरीची 200 ची निघते. आहारतज्ज्ञाने ‘एक वाटी’ लिहून दिलं असेल तर ती किती मिलीची धरली आहे, हे पुढच्या भेटीत विचारून घ्या. श्रीखंडाला तर हे फारच लागू पडतं. 100 ग्रॅम श्रीखंडात अडीचशेच्या पुढे कॅलरी असतात, आणि दीडशे मिलीची वाटी काठोकाठ भरली की चारशे ओलांडतात.

एकादशी, दुप्पट खाशी

उपासाच्या दिवशी कमी खाल्लं असं वाटतं, कारण पोळी, भाजी, भात यांतलं काहीच पोटात गेलेलं नसतं. ताटलीभर साबुदाण्याच्या खिचडीचा हिशेब मांडू या. 75 ग्रॅम साबुदाणा सुमारे 265, 30 ग्रॅम कूट 170, मोठा चमचाभर तूप 120, अर्धा बटाटा 40. एकूण सहाशेच्या घरात. एका फुलक्याला 25 ग्रॅम पीठ धरलं तर तीन फुलके साधारण 240 कॅलरींचे होतात. त्यांच्यासोबत वरण आणि भाजी घेतली तरी जेवण बहुतेक वेळा खिचडीच्या आतच राहतं. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट असल्याने प्रथिनं फक्त दाण्यांतून येतात. म्हणून कूट कमी करण्यापेक्षा साबुदाणा कमी करणं शहाणपणाचं.

सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, खिचडी वेगळी असते. ती तुपात परतण्याऐवजी वाफेवर ठेवतात आणि देताना मसाला, मिरची, लिंबू घालून कालवून देतात. त्यात पडणारं फराळी मिक्श्चर तळलेलं असतं, कॅलरी तिथून येतात. ‘मिक्श्चर कमी टाका’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो, आणि चव जात नाही.

भाकरी म्हणजे कमी कॅलरी?

हा समज मराठी घरांत खोल रुजला आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक तक्त्यांत 100 ग्रॅममागचे आकडे असे आहेत: गव्हाचं पीठ 320, नाचणी 321, ज्वारी 334, बाजरी 348. फरक नगण्य आहे, आणि आहे तो ज्वारी-बाजरीच्या विरुद्धच. त्यातून एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ सहज लागतं. म्हणजे एक भाकरी साधारण अडीच फुलक्यांएवढी. ‘फुलके तीन खायचो, आता भाकऱ्याही तीनच’ असं कुणी सांगितलं तर त्यांचं वजन का वाढतंय ते लगेच समजतं. ज्वारीची भाकरी खाण्याची कारणं पुष्कळ आहेत: तंतू, खनिजं, तूप-तेलाशिवाय जमणं, पोट लवकर भरणं. कमी कॅलरी हे त्यांतलं कारण नाही.

गुळाचीही तीच गोष्ट. 100 ग्रॅम साखर 400 च्या आसपास, गूळ त्याहून किंचित कमी. चहात साखरेच्या जागी गूळ घातला म्हणून जास्त घालायची मुभा मिळत नाही.

माळव्यात राहून दाल-बाफल्यांबद्दल न बोलणं शक्य नाही. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, तो आधी उकडायचा, मग भाजायचा आणि शेवटी तुपात बुडवायचा. 60 ग्रॅम पिठाच्या बाफल्याच्या पिठातून साधारण 190 कॅलरी येतात. तो 15 ग्रॅम तूप प्यायला तर आणखी 135. असे तीन म्हणजे हजाराच्या जवळ, चुरम्याचा लाडू वेगळा. पण आपल्या घरचा बाफला नेमकं किती तूप पितो, हे मोजता येतं. बुडवण्याआधी तुपाचं पातेलं तोला, सगळे बाफले काढून झाल्यावर पुन्हा तोला, आणि फरकाला बाफल्यांच्या संख्येने भागा. तळणाच्या कढईलाही हीच रीत लावा. गराडू (तळून खातात तो कंद), साबुदाणावडे आणि पुऱ्या किती तेल पितात हे एकदा आपल्या हाताने मोजलं की नुसत्या अंदाजावर बसावं लागत नाही. बाफला फोडून त्यावर पुन्हा तूप ओतायची पद्धत आहे. ती एकदाच पाळली तरी पाहुणचारात उणं पडत नाही.

पाकिटावरचा लहान आकडा

पाकीटबंद खाण्यावर 100 ग्रॅम किंवा 100 मिलीमागचे आकडे छापलेले असतात. त्याशेजारी एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेच्या किती टक्के मिळतं, तेही असतं. पहिली चूक इथे होते: सर्व्हिंग म्हणजे अख्खं पाकीट समजलं जातं. बहुतेकदा ते 20-30 ग्रॅम असतं, आणि पाकिटात अशी किती सर्व्हिंग आहेत ते बारीक अक्षरांत दिलेलं असतं. दुसरी चूक टक्क्यांची. ते 2000 कॅलरींच्या दिवसावर काढलेले असतात. ज्या बाईची गरज 1660 ची आहे, तिच्यासाठी 10 टक्क्यांचे 12 होतात.

कोलासारख्या थंड पेयात 100 मिलीमागे सुमारे 11 ग्रॅम साखर असते. 750 मिलीची बाटली एकट्याने संपवली तर साखरच 80 ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेली मर्यादा 2000 कॅलरींच्या आहारात 50 ग्रॅमची आहे, आणि शक्य असेल तर 25 च्या आत राहावं असं ती सांगते. ‘शुगर फ्री’ मिठाईत खवा, तूप आणि काजू असतातच, साखर तेवढी काढलेली असते. परदेशी पाकिटावर आकडा अचानक चौपट दिसला तर तो किलोज्यूलमध्ये असणार, त्याला 4.2 ने भागा.

दुधाच्या पिशवीकडे मात्र आवर्जून पाहा, कारण ती रोज येते. 6 टक्के फॅटच्या फुल क्रीम दुधात 100 मिलीमागे 87 च्या आसपास कॅलरी असतात, 3 टक्क्यांच्या टोन्डमध्ये 58 च्या. अर्ध्या लिटरमागे जवळजवळ दीडशेचा फरक पडतो, आणि चहाच्या चवीत तो फारसा जाणवत नाही.

ॲपमध्ये नाव तेच, पदार्थ दुसरा

फोनच्या ॲपवर ‘शिकंजी’ शोधलं की लिंबाचं सरबत निघतं, 60-70 कॅलरींचं. इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, साखर, केशर, सुकामेवा, घट्टसर आणि चमच्यानेही खाता येईल अशी. या दोन्हींत नावाखेरीज काहीच सारखं नाही. भुट्ट्याच्या किसाच्या जागी उकडलेलं कणीस नोंदवलं, तर किसातलं तूप आणि दूध हिशेबातून गळालं. सराफ्यातला जलेबा ‘एक जिलेबी’ म्हणून लिहिला, तर काही विचारूच नका. तो पाव किलो भरला तर नऊशेच्या वर जातो. चौघांनी मिळून एक घ्या, तो त्यासाठीच एवढा मोठा असतो.

सगळ्यात मोठी गफलत कच्चं आणि शिजलेलं यांत होते. 100 ग्रॅम तांदळात 356 कॅलरी असतात. शिजल्यावर त्यांचा सुमारे 300 ग्रॅम भात होतो, म्हणून 100 ग्रॅम भात 120 ते 130 चा. ॲपमध्ये ‘राइस’ निवडताना हे पाहिलं नाही तर एका टिचकीत आकडा तिप्पट होतो किंवा तिसऱ्या हिश्शावर येतो. डाळीलाही हाच नियम. शक्यतो कच्चं तोलावं, कारण शिजवताना पाणी किती घातलं यावर शिजलेल्याचं वजन रोज बदलतं.

सगळं मोजूनही हिशेब बसत नसेल तर

ताटाकडे बघणं थांबवून तेलाच्या डब्याकडे बघा. महिन्याला पाच लिटरचा डबा चार माणसांत संपतो असं धरा. त्या तेलाचं वजन साडेचार किलोंहून थोडं जास्त, म्हणजे माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम आणि 340 कॅलरी. त्यात तूप, लोणी आणि बाहेरचं तळण धरलेलं नाही. तळून उरलेलं तेल तुम्ही टाकत असाल तर तेवढं वजा करा. डबा आणल्या दिवशी त्यावर तारीख लिहा, संपल्या दिवशी पुन्हा लिहा. हा हिशेब कुठल्याही ॲपपेक्षा खरा निघतो, कारण तो कुणाच्या आठवणीवर अवलंबून नसतो. महिन्याला एक लिटर कमी झालं तरी माणशी रोज जवळपास 70 कॅलरी वाचतात, आणि कुणाच्या ताटातला एकही पदार्थ कमी करावा लागत नाही.

घरातली वाढती मुलं, अन्न कमी झालेले आजी-आजोबा आणि बाळंतीण यांना या काट्यावर बसवू नका. त्यांच्यासाठी दाण्याचा लाडू, वरणावरचं तूप आणि फुल क्रीम दूध अगदी योग्य आहे. थोड्या घासांत जास्त बळ त्यांनाच लागतं. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाचं प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण खाणं कमी झालं की औषधाची मात्राही बदलावी लागू शकते.