दहा हात दोराला पंधरा हात पेड

दहा हात कासरा, म्हणजे बैलाला धरायचा दोर, हवा असेल तर पेड, म्हणजे ज्यांना एकत्र वळून दोर होतो ते पदर, पंधरा हात घ्या. हे आधीच सांगतो, कारण मी पहिलं दावं वळलं तेव्हा दहाला दहाच धरले होते. सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या जनावर बाजारात खोंड बांधायला गेलो, तर गाठीपुरताही दोर उरेना. मामा म्हणाले, "पीळ फुकट येतो व्हय रं?"

परवा भाच्यानं फोनवर फ्रान्समधल्या रोशफोरचा दोरखाना दाखवला. चौदाव्या लुईच्या आरमारासाठी त्याचा मंत्री कोलबेर यानं १६६६ मध्ये शारांत नदीकाठी गोदी वसवली. जागा दलदलीची, म्हणून दोरखान्याचा पाया ओकच्या लाकडांच्या जाळीवर. इमारत ३७४ मीटर लांब! जहाजाला सुमारे २०० मीटरचा अखंड दोर लागायचा, आणि त्यासाठी पेड ३०० मीटर ताणावे लागत. म्हणजे मामांचाच हिशोब, फक्त राजाच्या पैशानं.

आता वळायला घ्या. अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, ओलसर करून सूत काता. पाच-सहा सुतं एकत्र घेऊन सुताच्या उलट पीळ दिला की एक पेड, असे तीन. एका टोकाला तीन पेड तीन वेगळ्या फिरत्या आकड्यांत अडकवा. दुसऱ्या टोकाला तिन्ही मिळून एकच मोकळा फिरणारा आकडा, आणि तो सरकत्या फळीवर. फळीवर दगड ठेवा. वजन कमी असेल तर दोर ढिला येतो, जास्त झालं तर पेड तुटतो. हे हातालाच कळतं, मला तोडून तोडून कळलं. तिन्ही आकडे एकाच दिशेनं फिरवत राहा. पीळ भरला की फळी आपोआप पुढं सरकू लागते.

तेव्हा एकट्या आकड्याजवळ, तीन खोबणींचा लाकडी ठोकळा पेडांमध्ये घाला. मागं दोर उलट्या अंगानं वळत जातो आणि ठोकळ्याला पुढं ढकलतो. पेड उलगडू बघतात, दोर उलगडू बघतो. दोघांची ओढ एकमेकांविरुद्ध, म्हणून पीळ सुटत नाही. रोशफोरलाही हेच, फक्त अंबाडीऐवजी भांगेच्या जातीचा वाख, आणि खाऱ्या पाण्यासाठी वरून डांबर. कासऱ्याला मात्र डांबर लावू नका, हात काळे होतात आणि बैल मान झटकतो.

टोकं सुतानं आवळून बांधा. दोर भिजवून, खाली दगड लटकवून रात्रभर झाडाला टांगा. सकाळी गुंडाळलात तर दोर पिळून गुंतत नाही.