देशातून हायडॅटिड कसा घालवावा: गोळीआधी नोंदवही

हायडॅटिड हा आजार देणारा पट्टकृमी (टेपवर्म) जेमतेम 3 ते 6 मिलिमीटरचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही नसतो. भोगावं लागतं मेंढीला आणि माणसाला. कृमीची अंडी पोटात गेली की काळजात (म्हणजे यकृतात) किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ धरते. ती वर्षानुवर्षं वाढत राहते, कधी नारळाएवढी होते आणि बऱ्याचदा सोनोग्राफीतच पहिल्यांदा दिसते. आत फुटली तर जीवावर बेतू शकतं.

हा आजार पूर्ण देशातून घालवता येतो. आइसलँडने घालवला, ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाने घालवला, न्यूझीलंडने घालवला. यातला न्यूझीलंडचा अनुभव मला सगळ्यात शिकवणारा वाटतो, कारण ते लोक आधी फसले आणि मग जिंकले. पुढच्या पायऱ्या मुख्यतः त्यांच्याच आहेत.

पहिली पायरी: साखळी नीट समजून घ्या

मेंढी कापली जाते. गाठ असलेलं काळीज किंवा फुप्फुस कुत्र्यापुढे पडतं. गाठीतली शेकडो सूक्ष्म मुंडकी कुत्र्याच्या आतड्याला चिकटतात आणि साधारण 6 ते 7 आठवड्यांत कृमी अंडी देऊ लागतो. कुत्र्याच्या विष्ठेतून ती गवतावर पडतात, गवत मेंढी खाते, आणि फेरा पूर्ण होतो. माणूस या फेऱ्यात चुकून सापडतो: कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवलो, किंवा न धुतलेला भाजीपाला खाल्ला, की अंडी पोटात. मटण खाऊन हा आजार होत नाही, हे ठासून सांगायला हवं. लोक मटणाला घाबरतात आणि खाटकाच्या दारातल्या कुत्र्याकडे कुणी बघत नाही.

तोडायच्या जागा दोनच दिसतात: काळीज कुत्र्याच्या तोंडी जातं ती, आणि कुत्र्याच्या पोटात कृमी वाढतो ती.

दुसरी पायरी: मोजा

1863 मध्ये हाराल्ड क्राबे हा डॅनिश शास्त्रज्ञ आइसलँडला गेला आणि त्याने 100 कुत्री तपासली. 28 कुत्र्यांत हा कृमी निघाला. या एका आकड्याने काम सुरू झालं. क्राबेच्या माहितीची पुस्तिका घरोघरी फुकट वाटली गेली, पुढे कायदेही झाले.

आज मोजायचं तर तीन वह्या लागतात. पहिली कत्तलखान्याची: किती मेंढ्यांत गाठी निघाल्या, त्या कोणत्या वयाच्या, कोणत्या कळपातल्या. दुसरी कुत्र्यांची: प्रत्येक कुत्रा, त्याचा मालक, गाव. तिसरी इस्पितळाची: किती जणांवर शस्त्रक्रिया झाली. तिसरी वही सगळ्यात उशिरा बोलते, कारण आज ऑपरेशन झालेल्या माणसाला लागण कदाचित दहा वर्षांपूर्वी झालेली असते. कार्यक्रम चालतोय की नाही, हे लवकर कळतं कोवळ्या मेंढ्यांवरून. दोन वर्षांच्या मेंढीत गाठ निघाली तर लागण त्या दोन वर्षांतलीच.

तिसरी पायरी: काळीज-फुप्फुस कुत्र्यापर्यंत जाऊ देऊ नका

शेतावर जिथे जनावर कापतात ती जागा कुंपणाने बंद करा, म्हणजे कुत्रा आत शिरणार नाही. काळीज, फुप्फुस, आतडी खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला घालायचंच असेल तर निदान अर्धा तास उकळून घाला. हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि सगळ्यात जास्त इथेच दुर्लक्ष होतं. आइसलँडला आणखी एका गोष्टीची मदत झाली: तिथे म्हाताऱ्या मेंढ्यांऐवजी कोकरं कापायची पद्धत वाढली. कोकराच्या गाठी कोवळ्या असतात, त्यातून कुत्र्याला लागण होत नाही.

चौथी पायरी: गोळी हातात देऊ नका, तोंडात द्या

न्यूझीलंडमध्ये 1959 आधीही औषध होतं. कुत्र्याची नोंदणी करायला आलेल्या मालकाच्या हाती गोळ्या दिल्या जात आणि घरी जाऊन कुत्र्याला द्या असं सांगितलं जाई. बरीच वर्षं हे चाललं, पण आजार हटला नाही. कुणी गोळी दिली, कुणी कपाटात ठेवली, कुणाच्या कुत्र्याने थुंकली, कोण जाणे.

1959 च्या कायद्याने राष्ट्रीय हायडॅटिड परिषद नेमली आणि पद्धत बदलली. ठरलेल्या दिवशी परिसरातली कुत्री एका जागी आणायची, लांब लांब बांधायची आणि कर्मचाऱ्याने स्वतःच्या हाताने औषध द्यायचं. औषध होतं आरेकोलीन, जे मूळचं सुपारीत सापडतं! आपल्या कोकण-गोव्याच्या बागांत लगडणाऱ्या त्याच सुपारीत. आरेकोलीनने कुत्र्याला जोराचे जुलाब होतात, आणि जे बाहेर पडेल ते प्रयोगशाळेत तपासता येतं. म्हणजे औषध आणि तपासणी एकाच वेळी. आपल्या कुत्र्याच्या पोटातून काय पडलं हे मालकाला डोळ्यांनी दिसायचं. मला वाटतं, कुठल्याही भाषणापेक्षा तेच त्यांना जास्त पटलं असेल.

पुढे प्राझिक्वांटेल आलं. ते कृमीला खात्रीने मारतं, म्हणून दर 6 आठवड्यांनी द्यायचं वेळापत्रक ठरलं: कृमी अंडी देण्याच्या वयात येण्याआधीच पुढची मात्रा. हे अंतर चुकलं तर मधल्या काळात अंडी बाहेर पडतात. आणखी एक ध्यानात ठेवा: प्राझिक्वांटेल अंडी मारत नाही. औषध दिल्यानंतरची विष्ठा हातमोजे घालून गोळा करा आणि पुरा किंवा जाळा.

पाचवी पायरी: गाठीवरून शेताचा माग काढा

सुरुवातीला सगळीकडे सारखं काम करावं लागतं. आकडे खाली आले की माग काढायचा. कत्तलखान्यात गाठ सापडली की ते जनावर कुणाचं हे शोधा, त्या शेतावरची कुत्री तपासा, आणि तिथली जनावरं दुसरीकडे हलवायला बंदी घाला. यासाठी जनावराची ओळख मोडून चालत नाही. आपल्याकडे जनावरांच्या कानात 12 अंकी बिल्ला येऊ लागला आहे, तो इथे उपयोगी पडेल. पण जनावर कापताना त्याचा नंबर लिहून घेतला तरच.

भारतातही हा आजार आहे. धनगरांच्या वाड्यावर कळपाबरोबर कुत्री असतातच, आणि शहरात खाटकाच्या दुकानाबाहेर भटकी कुत्री टपलेली असतात. भटक्या कुत्र्याला मालक नाही, म्हणून नोंदवहीत त्याचं नावही नाही. मला आपल्या देशातला हाच सगळ्यात कठीण भाग वाटतो. म्हणूनच आपल्याकडे तिसऱ्या पायरीवर, म्हणजे दुकानातल्या टाकाऊ मांसाच्या झाकणबंद डब्यावर, जास्त जोर द्यायला हवा. घरी कुत्रा असेल तर त्याला कृमीचं औषध कोणतं, किती आणि केव्हा द्यायचं हे पशुवैद्याकडून ठरवून घ्या.

सहावी पायरी: आकडा शून्यावर आला तरी थांबू नका

सायप्रसने 1971 मध्ये मोहीम सुरू केली आणि 1985 मध्ये काम संपलं म्हणून थांबवली. पुढच्या दशकात जनावरांत गाठी पुन्हा सापडल्या आणि तपासणी पुन्हा सुरू करावी लागली.

टास्मानियाने 1996 मध्ये आणि न्यूझीलंडने 2002 मध्ये आपण हायडॅटिडमुक्त झाल्याचं जाहीर केलं, पण दोघांनीही तात्पुरतं असा शब्द जोडून. न्यूझीलंडमध्ये त्यानंतरही अनेक वर्षं कुत्र्याला कच्चं काळीज-फुप्फुस मिळू देणं बेकायदेशीर होतं, आणि परदेशातून येणाऱ्या कुत्र्याला आधी पट्टकृमीचं औषध द्यावंच लागतं.