चिंचेखालची गाडी

आयटीआय संपवून मी सांगलीत माधवनगर रोडवरच्या एका गॅरेजात हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा सीट बेल्टचं काम म्हणजे दोन बोल्ट, असा माझा समज होता. पहिल्याच पावसाळ्यात कापडी टपाची एक जुनी, दोन दारांची गाडी आली. ड्रायव्हरकडचा बेल्ट ओढला की अर्ध्यात अडायचा आणि सोडला की मांडीवर लोंबत राहायचा. मिस्त्री म्हणाले, "बेल्टाचं मागनं बघू. आधी त्याच्यापतूर पोच तर."

पोचायलाच दुपार झाली. साध्या गाडीत बेल्टचं रीळ मधल्या खांबात बसवलेलं असतं. टप उघडणाऱ्या गाडीला मधला खांबच नसतो, त्यामुळे या गाडीत ते मागच्या सीटच्या बाजूला, ट्रिमच्या, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या आच्छादनाच्या, आड होतं. टपाचे लोखंडी हातही तिथेच दुमडतात, म्हणून टप अर्धा उचलून टेकू देऊन ठेवावा लागला. मग मागच्या सीटची गादी, पाठ, उंबऱ्याची पट्टी, दाराचं रबर आणि शेवटी बाजूची ट्रिम, असा क्रम.

अशा गाडीचं आतलं प्लास्टिक उन्हाने पापडासारखं झालेलं असतं. मी स्क्रूड्रायव्हर घालून जोर लावला आणि पहिल्या दोन क्लिपा कडाकड तोडल्या. मिस्त्रींनी हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि प्लास्टिकची पट्टी दिली. पट्टी क्लिपेच्या अगदी जवळ सरकवायची, मगच उचलायचं. गारठ्यात प्लास्टिक जास्त तुटतं. हेअर ड्रायरने थोडं ऊबदार केलं की नरम येतं. बोल्ट चहाच्या कागदी कपांत ठेवा आणि कपावर जागा लिहा. फोटो तर काढाच. बेल्ट ट्रिमच्या खाचेतून जातो, तेव्हा खालचा बोल्ट सोडल्याशिवाय ट्रिम हातात येत नाही. हे मला ट्रिमशी पाच मिनिटं झुंजल्यावर कळलं. तो बोल्ट स्टार बिटाचा असतो आणि घट्ट असतो. भोकातली घाण आधी कोरून काढा, बिट हातोडीने ठोकून बसवा, नाहीतर डोकं गोल होऊन बसेल.

आणखी एक. रिळाला पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर आत स्फोटक असतं, धडक बसताच बेल्ट आवळणारं. बॅटरीची निगेटिव्ह आधीच काढून मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढा वेळ थांबायचं आणि त्या वायरीला मल्टिमीटर लावायचा नाही.

रीळ सोडवून मी हातात घेतलं, बेल्ट ओढला, तर घट्ट. "मेलंय हे, नवीन मागवा," मी जाहीर केलं. मिस्त्री हसले. "मेलं न्हाई लगा, तू वाकडं धरलायस." रिळात एका वाटीत पोलादी गोळी असते. गाडीने जोरात ब्रेक मारला किंवा ती कलली, की गोळी सरकते, खटका उचलते आणि दात्यात अडकवते. गाडीत जसं बसवलेलं असतं तसं सरळ धरलं आणि बेल्ट सावकाश ओढला, तर तो सुळकन बाहेर आला. याच चुकीपायी चांगलं रीळ भंगारात जाताना मी नंतरही पाहिलंय.

आमचा बेल्ट फक्त चिकट झाला होता. पूर्ण बाहेर ओढून, रिळाजवळ चिमटा लावून, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुतला, सावलीत रात्रभर वाळवला. ब्लीच, पेट्रोल, रंग काही नको. धागा कमजोर होतो. रिळात तेल घालायचं नाही आणि स्प्रिंगचं झाकण तर उघडायचंच नाही. कड उसवलेला किंवा अपघातात ताण बसलेला बेल्ट धुऊन उपयोग नाही, अख्खा बदलायचा. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; त्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या रिळांत बारीक गाळ बसलेला असतो. तीही सरळ बदलायची.

पण ट्रिमच्या आत पत्रा ओला का होता? टपाच्या खोबणीतलं पाणी खाली नेणारी नळी तिथूनच जाते. तारेने खरवडली तर आतून चिंचेच्या पाल्याचा काळा लगदा निघाला. पाणी तुंबून रिळावर गळत होतं. मी ट्रिम बसवायला घेतली, तर मिस्त्रींनी थांबवलं. खोबणीत बाटलीभर पाणी ओतलं आणि गाडीखाली फरशीवर धार पडलेली पाहूनच म्हणाले, "आता लाव."

मालकांना चिंचेबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "सावली दाट आहे हो तिथं." पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजूचा बेल्ट घेऊन आले.